प्लास्टर निघालं, पण भुऱ्या अजून लंगडतोच

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, थोडं कमी करून देतोय.

"भाऊ, आम्ही दारव्हा तालुक्यातले, शेतीवाले. मोठा मुलगा आठवीत आहे, भुऱ्याला त्यानंच आणलं, गावठी कुत्र्याचं पिल्लू आहे. सप्टेंबरात वावरातून ट्रॅक्टर मागं घेताना ट्रॉलीचं चाक भुऱ्याच्या पुढच्या उजव्या पायावरून गेलं, तेव्हा तो तीन महिन्यांचा होता. एक्स-रे काढला, मनगटाच्या वरची दोन्ही हाडं मोडली म्हणाले, पाच आठवडे प्लास्टर होतं. ते काढून आता तीन आठवडे झाले, हाड जुळलं असं डॉक्टरांनी सांगितलं. पण तो पाय अर्धा वेळ उचलूनच धरतो, पाय काडीसारखा झालाय अन् पंजा जरासा बाहेरच्या अंगाला वळल्यासारखा वाटतो. दिरांनी गाईचं कॅल्शियम सुरू केलंय, रात्री कुंथला की सासरे त्यांच्या गुडघेदुखीची गोळी अर्धी करून देतात. गावात सगळे म्हणतात लंगडं कुत्रं काय कामाचं, सोडून द्या वावरात, जगलं त जगलं. मुलगा कोणाशी बोलत नाही, मीच त्याला ट्रॅक्टरमागं मोकळं सोडलं होतं म्हणतो. भुऱ्या नीट चालेल का? किती दिवस लागतील? बांधून ठेवू की मोकळं सोडू? राखणीच्या कामाचा राहील का?"

ताई, सगळ्यात आधी ती गोळी बंद करा. आजपासून, हे वाचून झालं की लगेच. सासऱ्यांच्या मनात माया आहे हे मला कळतं, लेकरू रात्री कुंथतं तर म्हाताऱ्या माणसाला झोप लागत नाही, पण माणसाच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांत बहुतेक डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असलं काहीतरी असतं आणि कुत्र्याच्या पोटाला ते सोसत नाही, जठरात जखमा होतात, किडन्या जातात, आणि पाच महिन्यांच्या पिल्लाला अर्धी गोळी म्हणजे थोडी नाही हो, त्याच्या वजनाच्या मानानं ती फार झाली. डायक्लोफेनॅक तर जनावरांना द्यायलाच आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे, ते औषध टोचलेली ढोरं मेल्यावर खाऊन गिधाडं जवळजवळ संपली म्हणून. पॅरासिटामॉल पण आपल्या मनानं देऊ नका. भुऱ्याची शी डांबरासारखी काळी होते का, उलटी होते का, खाणं सोडलंय का, पाणी जास्त पितो का हे बघा आणि यातलं एकही असलं तर उद्याची वाट न बघता डॉक्टरकडे न्या, जाताना गोळीचं पाकीट सोबत घ्या, किती दिवस दिली ते खरं सांगा, लपवू नका. कुत्र्यांसाठीचं दुखण्याचं औषध वेगळं मिळतं, ते वजन करून मोजून देतात, त्याच्यासाठी डॉक्टरांनाच विचारायचं. आणि सासऱ्यांच्या गोळीवर लगेच दुसरी चालू करायची नाही बरं का, मधे काही दिवस जाऊ द्यावे लागतात, म्हणून पण त्यांना सगळं सांगायचं.

दुसरं ते गाईचं कॅल्शियम, ते पण बंद. हे ऐकून दीर नाराज होतील, कारण हाड मोडलं की कॅल्शियम हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण मोठ्या जनावराचं शरीर नको असलेलं कॅल्शियम बरंचसं आतड्यातूनच सोडून देतं, कोवळ्या पिल्लाला ते जमत नाही, जेवढं पोटात जाईल त्यातलं खूपसं अंगात शिरतं आणि वाढत्या हाडांची घडणच बिघडते. त्यात दुभत्या गाईच्या बाटलीत व्हिटॅमिन डी पण बहुतेक असतंच, ते जास्त झालं तर तो वेगळाच ताप. मात्र तुम्ही त्याला रोज काय खायला देता ते पत्रात लिहिलं नाही, म्हणून विचारतो, पोळीचे तुकडे अन् दूध, किंवा नुसता भात अन् वरण, एवढंच असेल तर मात्र त्याची हाडं खरंच कच्ची राहतील. त्याचा उपाय बाटलीत नाही, ताटात आहे. निम्मं जेवण पिल्लांसाठीच्या तयार खाद्याचं करा, तालुक्याला मिळतं, त्याच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं माप बसवलेलं असतं. उरलेल्या निम्म्यात उकडलेलं अंडं, दही, बिनहाडाचं शिजवलेलं चिकन, भात असं चालेल. शिजवलेली कोंबडीची हाडं टाकू नका, त्याचे सुईसारखे तुकडे होतात. कांदा-लसूण घातलेलं कालवण नको. आणि माया म्हणून तूप-पोळी देऊन देऊन जाड करू नका, फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत पण बोट फिरवलं की लागल्या पाहिजेत एवढंच अंग ठेवायचं, कारण एक किलो जास्तीचं वजन त्या बारीक पायालाच वाहायचं आहे.

आता पायाचं. तुम्ही विचारलं नीट चालेल का. मी एकतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून खेड्यापाड्यांत काढली, डॉक्टर नाही मी, पण डॉक्टरांच्या हाताखाली मोडलेले पाय पुष्कळ धरलेत, म्हणून सांगतो. हाड आणि पाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिल्लाचं हाड महिना-सव्वा महिन्यात जुळतं, मोठ्या कुत्र्याला त्याच कामाला दोन-तीन महिने लागतात. पण पाच आठवडे जो पाय हाललाच नाही त्याची चरबी नाही तर मांस जातं, मनगटाचा सांधा आखडतो, आणि सगळ्यात मोठं म्हणजे पिल्लू तो पाय आहे हेच विसरतं, तीन पायांवर पळायची सवय लागून जाते. तीन आठवड्यांत पाय काडीसारखा आहे म्हणून घाबरू नका, ते मांस परत यायला दोन-तीन महिने लागतात आणि चाल पूर्ण बसायला कधी कधी सहा महिने. बहुतेक पिल्लं चांगली चालतात, पळतात पण. ही मेहनत प्लास्टर निघाल्यावरची आहे आणि नेमकी तेव्हाच सगळे जण हात झटकून मोकळे होतात.

पण पंजा बाहेर वळतोय हे जे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलं ना, तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, पत्र मी त्याच्यासाठीच दोनदा वाचलं.

प्लास्टर निघाल्यावर पंजा थोडा चपटा पडणं, मनगट ढिलं होऊन जमिनीला टेकल्यासारखं दिसणं हे पिल्लांत होतंच, दोन-तीन आठवडे नीट जमिनीवर हळू चालवलं की भरून येतं. त्याची काळजी नाही. दुसरं एक कारण असतं ते मात्र काळजीचं. पुढच्या पायात मनगटाच्या वर दोन हाडं असतात, एक जाड, एक बारीक. वाढत्या पिल्लाच्या प्रत्येक हाडाच्या टोकाजवळ एक मऊ चकती असते, तिथूनच हाड लांब होत जातं. बारीक हाडाची बहुतेक सगळी वाढ मनगटाजवळच्या एकाच चकतीतून होते, आणि अंगावर चाक गेलं, उंचावरून पडलं, की तिला दाब बसतो. हे त्या दिवशीच्या एक्स-रेत दिसतच नाही, चकतीची जागा फोटोत येते, पण तिला बसलेला दाब येत नाही. पुढं महिन्या-दोन महिन्यांनी कळतं. बारीक हाड वाढायचं थांबतं, जाड हाड वाढतच राहतं. बंडीच्या जोडीतला एक बैल अडून बसला अन् दुसरा ओढतच राहिला तर बंडी कशी एका अंगाला वळते, तसंच होतं बघा, जाड हाड धनुष्यासारखं वाकतं, पंजा बाहेर फिरतो, आणि पुढं कोपराचा सांधा पण जागचा हलतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या घरी राणी नावाची कुत्री होती, चार महिन्यांची असताना मोटरसायकलचा धक्का लागला, प्लास्टर झालं, हाड छान जुळलं. पाचव्या महिन्यात तिचा पंजा बाहेर दिसायचा, मी रोज बघत होतो, मी, ज्याचं हेच काम, आणि मला वाटायचं तिची उभं राहायची ढबच तशी आहे. आठव्या महिन्यात पाय विळ्यासारखा झाला तेव्हा नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि बोटानं दाखवलं, हे बघा, इथली चकती बंद झालीये, आता वाढ संपत आली, आता आपोआप सरळ होणार नाही. दोन-तीन महिने आधी आणली असती तर बारीक हाडाचा छोटा तुकडा काढून जाड हाडाला मोकळं करता आलं असतं, मग उरलेल्या वाढीत पाय स्वतःच बराचसा सरळ झाला असता. राणी अकरा वर्षं जगली, आनंदात जगली, पण दर हिवाळ्यात सकाळी उठताना तिचा कोपर दुखायचा आणि दर हिवाळ्यात मला ते बोट आठवायचं.

म्हणून ताई, या पंधरवड्यात भुऱ्याचा परत एक्स-रे काढा. दोन्ही पुढच्या पायांचा काढायला सांगा, म्हणजे चांगल्या पायाशी ताडून बघता येतं, आणि समोरून पण अन् बाजूनं पण. डॉक्टरांना सरळ विचारा की हाड जुळलंय का ते तर सांगाच, पण मनगटाजवळच्या वाढीच्या चकत्या उघड्या आहेत का, दोन्ही पायांच्या सारख्या आहेत का. हा प्रश्न विचारला नाही तर घाईत कोणी त्या बाजूला बघेलच असं नाही. तुमच्याकडून अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, दोन्ही ठिकाणी शिकवणारे सर्जन असतात आणि खासगीपेक्षा खर्च पुष्कळ कमी लागतो. आधी फोन करून वेळ विचारून घ्या, नाहीतर इतक्या दूर जाऊन परत यायची पाळी येते. जुना एक्स-रे अन् कागद सोबत न्या. कुठं जायचं हे ठरत नसेल तर आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारा किंवा १९६२ हा पशुसंवर्धनाचा टोल फ्री नंबर लावा. न्यायला टमाट्याचं प्लास्टिकचं कॅरेट चांगलं, खाली पोतं घडी करून टाका, वरून दुपट्टा बांधा, मांडीवर घेऊन बसू नका, गाडीनं ब्रेक मारला की पिल्लू आधी उडी मारतं.

आणि कदाचित काही निघणारही नाही, नुसतं ढिलं मनगट असेल. तसं निघालं तर फारच चांगलं, एका चकरेचा खर्च गेला असं वाटून घेऊ नका. तरी दहा महिन्यांचा होईपर्यंत लक्ष ठेवायचंच, तोवर हाड वाढत असतं.

आता घरी काय करायचं ते. एक्स-रे होईपर्यंत पळणं, उड्या, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती बंद, पण हळू चालणं सुरू ठेवायला हरकत नाही, डॉक्टरांनी नको म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी.

एक गोष्ट नीट बघा. भुऱ्या जोरात पळतो तेव्हा पाय उचलतो आणि हळू चालतो तेव्हा टेकवतो, असंच आहे ना? सगळ्याच पिल्लांचं असं असतं. पळताना तीन पाय पुरतात, हळू चालताना चौथा लागतोच. म्हणून मोकळं सोडलं की व्यायाम होईल हे खरं नाही, मोकळं सोडलं की तो तीन पायांचाच सराव करतो. बांधून ठेवलं तर पाय आखडतो. त्यामुळं तुमच्या त्या प्रश्नाला दोन्हीला नाही असं उत्तर आहे, दोरीला धरून दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं, इतकं हळू की तुम्हालाच कंटाळा यावा, दिंडीत म्हातारी माणसं चालतात तसं. गळ्याला दोरी नको, मान ओढली जाते, छातीखालून जाणारा पट्टा घ्या, नसला तर जुन्या गमछाचा करता येतो. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. चालल्यानंतर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त लंगडला तर जास्त झालं असं समजायचं, एक दिवस आराम आणि परत आधीच्या वेळेवर यायचं. बाकीचा वेळ ओसरीत एक कोपरा अडवून ठेवा, बाजेवर चढू देऊ नका, ओट्यावरून उडी मारू देऊ नका, पुढच्या पायावर उडीचा मार सगळ्यात जास्त बसतो.

जमिनीचं पण बघा. घरात टाइल्स बसवल्या असतील तर तिथं तो घसरतो, घसरला की घाबरतो, घाबरला की पाय उचलतो. जायच्या यायच्या वाटेवर पोती किंवा सतरंजी टाका. शेणानं सारवलेलं आंगण याच्यासाठी फारच चांगलं, नखं रोवतात, पाय घसरत नाही. त्या पायाची नखं वाढली असतील बघा, जो पाय टेकतच नाही त्याची नखं झिजत नाहीत, आणि वाढलेल्या नखांनी पंजा टेकताना बोटं वाकडी पडतात. डॉक्टरांकडं गेलात की कापून घ्या.

चालवायच्या आधी शेक. पंचा कोमट पाण्यात पिळा, आपल्या मनगटावर आतल्या बाजूला लावून बघा, लेकराच्या दुधासारखं बघायचं, मग मनगटाभोवती गुंडाळून सात-आठ मिनिटं धरा. आता थंडी पडायला लागली आहे तर सकाळी याचा लय फरक पडतो. शेकल्यावर त्याला कुशीवर झोपवा, दुखरा पाय वर. एका हातानं मनगटाच्या वरचा भाग धरा, दुसऱ्या हातानं पंजा, आणि पंजा हळूहळू आत वाकवा, जिथं अडल्यासारखं वाटेल तिथं थांबा, मनात पाचपर्यंत मोजा, परत सरळ करा. दहा वेळा. मग तसंच कोपराला, एका वेळी एकच सांधा, बाकीचा पाय पिळायचा नाही. जबरदस्ती बिलकुल नको, तो मान वळवून तुमच्या हाताकडं बघेल, तोंड आणेल, म्हणजे पुरे. पहिल्या दिवशी दोनच वेळा करू देईल, काही हरकत नाही, हातात अंड्याचा तुकडा ठेवा, चार दिवसांत स्वतःहून पाय देईल. दुखलं म्हणून चुकून दात लागलेच तर घरचं पिल्लू म्हणून सोडून देऊ नका, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. यावरून आठवलं, प्लास्टरच्या गडबडीत त्याची रेबीजची लस राहिली का? ती तीन महिन्यांना द्यायची असते, नसेल दिली तर याच चकरेत टोचून घ्या, आणि जंताचं औषध पण विचारा.

आठवडाभर हे जमलं की अजून एक. भुऱ्या उभा असताना त्याचा चांगला पाय, म्हणजे डावा पुढचा, हातात अलगद उचला, जमिनीपासून दोन बोटं. आता त्याला उजव्यावर उभं राहावंच लागतं. तीन सेकंद, मग सोडा. सुरुवातीला तो लगेच बसेल, हरकत नाही. तीनाचे पाच, पाचाचे दहा सेकंद होतात, आणि तुम्हाला हाताखाली खांद्याचं मांस थरथरताना लागेल, ते मांस जागं होतंय. दिवसातून चार-पाच वेळा, खेळता खेळता.

महिनाभरानंतर, एक्स-रे चांगला असेल तर, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, घोट्याएवढ्या गवतातून चालवा, गवतात पाय उचलून उचलून टाकावा लागतो. मग मऊ नांगरटीतून थोडंसं, मग बारीक चढ. पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटली नसेल, कापली असेल, त्या वावरात बिलकुल नेऊ नका, ती खुटं भाल्यासारखी असतात. पाऊस झालाच तर काळी माती पंज्याच्या बोटांत गोळे करून बसते, घरी आलं की धुवा, बोटांच्या मधलं पुसून कोरडं करा. पाण्यात चालवणं फार चांगलं म्हणतात आणि खरंच आहे, वजन हलकं होतं, पण त्यासाठी कॅनॉलवर नेऊ नका, कॅनॉलच्या पाण्याला ओढ असते आणि काठ सिमेंटचे, गुळगुळीत, पिल्लू काय मोठा माणूस वर येत नाही. नाल्याला त्याच्या छातीएवढं संथ पाणी असलं तरच, दुपारच्या उन्हात, तुम्ही सोबत पाण्यात उतरून.

अचानक चालता चालता पाय परत पूर्ण उचलला, सूज आली, हात लावला तर गरम लागतो, जुन्या जखमेतून पाणी येतं, किंवा दोन महिने मेहनत करून पण काहीच फरक नाही, यातलं काही झालं तर शेक अन् व्यायाम थांबवून डॉक्टरांकडं. गावात कोणी बांबूच्या कमच्या लावून परत आवळून बांधायला येईल, नाही म्हणा, वाईट वाटलं तरी चालेल. आवळलेल्या पट्टीनं रक्त थांबून अख्खा पाय सडलेला मी पाहिलाय, त्या लेकराचं हाड तर आधीच जुळलेलं होतं.

राखणीचं विचारलं तुम्ही. ताई, राखण कानानं अन् नाकानं होते, आणि गळ्यानं. मी तीन पायांची कुत्री बघितली आहेत, कोठ्यासमोर पडून असायची, अन् रात्री फाट्यावरून अनोळखी माणूस वळला तरी गाव उठवायची. फक्त रोही (नीलगाय) अन् डुकरांच्या मागं पाठवायला त्याला वाढवू नका, रानडुकरासमोर चार पायांचं कुत्रं टिकत नाही, आणि पहिलं वर्षभर तरी रात्री वावरात नेऊ नका. वावरात सोडून द्या म्हणणाऱ्यांना काय सांगायचं ते तुम्हाला मी काय शिकवू. पाच महिन्यांचं, एका पायानं कमजोर पिल्लू, दुसऱ्या कुत्र्यांच्या हद्दीत, थंडीत. ते जगत नाही. सोडून देणाऱ्याला घरी यायची वाट असते, त्याला नसते, आणि ते त्याच जागी बसून वाट बघतं, हे मी बघितलंय म्हणून सांगतो.

मुलाबद्दल. हे शेवटी लिहितोय कारण मला ते लिहायला वेळ लागला. त्याला तुझी चूक नाही, तुझी चूक नाही असं नुसतं म्हणत राहू नका, त्याला ते पटणार नाही, कारण दोरी त्यानंच सोडली होती, हे त्याला माहीत आहे. ट्रॅक्टर मागं घेताना मागं कोण आहे हे बघायचं काम मोठ्या माणसाचं होतं, हे त्या मोठ्या माणसानंच त्याला एकदा सांगावं, जो कोणी त्या दिवशी स्टिअरिंगवर होता त्यानं. दोघंच असताना, एकदाच, नीट. ते तुम्ही किंवा मी सांगून होणार नाही.

आणि मग त्याला काम द्या. एक पांढरा दोरा घ्यायला सांगा. कोपराच्या खाली चार बोटं जागा मोजायची, केस जरा कापून खूण करायची, तिथं दोन्ही पायांना दोरा गुंडाळायचा, घट्ट नाही, नुसता टेकेल असा, आणि जिथं जुळेल तिथं दोऱ्यावर खूण करायची, उजव्याची लाल पेनानं, डाव्याची निळ्या पेनानं. दर रविवारी तोच दोरा, त्याच जागी. लाल खूण निळीकडं सरकायला लागली की मांस भरतंय. सोबत दर पंधरा दिवसांनी मोबाईलवर एक फोटो, भुऱ्या समोरून सरळ उभा, सारवलेल्या आंगणात, उन्हं तिरपी असताना, मोबाईल त्याच्या छातीच्या उंचीवर धरून. पंजा अजून बाहेर वळतोय का जिथं होता तिथंच आहे, हे रोज बघणाऱ्या डोळ्याला कळत नाही, फोटोत कळतं. तो फोटो डॉक्टरांना पण लय कामाचा. दुसऱ्या पंधरवड्यातल्या फोटोत वळण जास्त दिसलं तर पुढच्या रविवारची वाट बघू नका, त्याच आठवड्यात निघा. शाळेच्या वहीत तारीख घालून लिहून ठेवायला लावा, किती मिनिटं चालला, किती वेळा पाय टेकवला.

एक्स-रे निघाला की काय सांगितलं ते मला लिहा, आणि वहीतलं पहिलं पान मुलालाच लिहायला सांगा, त्याच्या हातानं.